नांगराच्या चरखीची वायर

झाशी, दि. १९ फेब्रुवारी १९८७, सकाळी ११ वाजता.

नाव विद्याधर श्रीकृष्ण आंबेगावकर, वय ५४ वर्षे, धंदा रेल्वेत नोकरी, गाडीदिवे विभागात इलेक्ट्रिक फिटर, राहणार प्रेम नगर, झाशी.

समक्ष हजर राहून सांगतो की, वरील ठिकाणी मी पत्नी जानकीसह राहतो. मला हिंदी चांगली येते. तरी बोलण्यात चूक राहू नये म्हणून मी मराठीत सांगत आहे व पोलीस ठाण्याच्या संमतीने निवृत्त शिक्षक यज्ञेश्वर गुर्जर हे लिहून घेत आहेत.

मयत गोविंदराव पिंपळखरे, वय ६०, हे रेल्वेत गार्ड होते. त्यांची माझी ओळख सव्वीस वर्षांची. शंटिंगच्या वेळी त्यांचा उजवा हात डब्यांमध्ये सापडला होता, तेव्हापासून तो खांद्याच्या वर जात नसे. निवृत्तीनंतर त्यांनी पंधरा फुटी लाकडी बोट घेतली व ती पारीछा धरणावर ठेवली. बोटीला मागे लहान इंजिन आहे. बोट ते मासे धरण्यासाठी वापरत नसत. पाण्यावर जाऊन, नांगर टाकून, चहा पिऊन परत येत. माझी सुट्टी असेल तेव्हा मीही जात असे. नांगर मीच ओढत असे.

मी नसलो की त्यांना एका हाताने नांगर ओढवत नसे. म्हणून डिसेंबरमध्ये त्यांनी मुंबईहून जुन्या जहाजी सामानातून बारा व्होल्टवर चालणारी चरखी आणली. बटण दाबले की ती साखळी गुंडाळून नांगर वर घेते. ती बसवून द्या असे ते मला म्हणाले नाहीत. माझ्या घरी येऊन त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बघ, चालू होते का." मी उघडून साफ केली. चालू झाली.

दि. ७ व ८ रोजी मी ती बोटीच्या पुढच्या टोकाला बसवली. खाली सागवानी फळी घालून चार बोल्ट आरपार घेतले. बॅटरी मागच्या बाकाखाली ठेवली व तिच्याजवळच मेन स्विच लावला. बॅटरीपासून चरखीपर्यंत वायर जाऊन परत येते, त्यामुळे अंतर दुप्पट धरावे लागते. एवढ्या अंतराला अंगठ्याएवढी जाड वायर पाहिजे. ती झाशीत मिळाली नाही, कानपूरहून मागवली होती. माझ्याजवळ पेन्सिलीएवढी होती, ती मी तात्पुरती टाकली.

शनिवारी दि. १४ रोजी काठावर चालवून पाहिली. भार आल्यावर फ्यूज उडाला. मी जास्त क्षमतेचा फ्यूज घातला. बटण दाबल्यावर चरखीला वीज सोडणारा जो काँटॅक्टर असतो, तो दोन वेळा टकटक वाजला. वायर बारीक असली की वीज कमी पोचते, काँटॅक्टर नीट धरत नाही, आणि ठिणग्या पडून कधी चिकटून बसतो. हे मला माहीत होते. मी गोविंदरावांना म्हणालो, "जाड वायर येईपर्यंत हाताने ओढू." ते म्हणाले, "बकुळ उद्याच आहे फक्त. परवाच्या गाडीने ती नागपूरला परत जाते. तिला एकदा दाखवू, मग तुझी वायर येऊ दे." मी हो म्हणालो.

बकुळ ही त्यांची मुलगी, वय २८, विवाहित.

रविवारी दि. १५ रोजी सकाळी साडेनऊ वाजता आम्ही तिघे बोटीत बसलो. गोविंदराव मागे इंजिनाशी, बकुळ मध्ये, मी पुढे चरखीशी. गोविंदरावांच्या पत्नी सिंधूवहिनी पाण्याला भितात, त्या घरी थांबल्या. त्यांनी दिलेली डब्यांची टोपली व सतरंजी मागच्या बाकाखाली ठेवली. ती मेन स्विचसमोर होती. मी पाहिले होते.

काठापासून सुमारे दीडशे फुटांवर नांगर टाकला. पोहे खाल्ले. साधारण अकरा वाजता गोविंदराव म्हणाले, "हां, आता दाखव हिला." मी पायाने बटण दाबले. साखळी येऊ लागली. बकुळ म्हणाली, "अरे वा काका, यह तो रेलवे से अच्छा चल रहा है." गोविंदराव हसले. नंतर साखळी ताणली गेली. नांगर खाली बुडालेल्या झाडात अडकला असावा. मी पाय काढला. चरखी थांबली नाही.

बोटीचे तोंड खाली जाऊ लागले. मी ओरडलो, "मेन काढा." गोविंदराव वाकले व डाव्या हाताने टोपली ओढू लागले. काय झाले ते पाहायला बकुळ पुढे आली, त्यामुळे भार पुढे आला. पुढून पाणी आत आले व बोट कलंडली. या सगळ्याला अर्धे मिनिटही लागले नसेल. हवा भरलेली ट्यूब होती, ती बोटीखाली राहिली.

बकुळला पोहता येत नाही. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती. गोविंदराव वीसेक फुटांवर होते व एका हाताने पाणी मारत होते. मी बकुळला धरले व काठाकडे निघालो. काठावर तिला उपडी करून पाणी काढले आणि परत गेलो. तेव्हा ते दिसले नाहीत. मी पाच-सहा वेळा बुडी मारली. दुपारी चार वाजता मच्छीमारांनी प्रेत बाहेर काढले. ते गोविंदरावांचेच असल्याचे मी ओळखले.

बकुळने तिच्या जबाबात चरखीची वायर वडिलांनी स्वतः जोडली असे सांगितल्याचे मला ठाण्यात कळले. ती त्या दिवसांत नागपूरला होती, तिला माहिती असण्याचे कारण नाही. वायर मी जोडली. फ्यूज मी बदलला. गोविंदरावांनी एकाही स्क्रूला हात लावलेला नाही.

हेड कॉन्स्टेबल साहेब म्हणाले, "बाबूजी, दुर्घटना है, इतना क्यों लिखवा रहे हैं?" मी म्हणालो, लिहा.

आणखी एक सांगायचे आहे. रविवारी संध्याकाळी सिंधूवहिनींनी मला विचारले, "शेवटी काही बोलले का हो?" मी सांगितले, ते म्हणाले, "आधी बकुळला घे." वहिनींनी मान डोलावली. त्यानंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्या तेच सांगत आहेत. बकुळही तेच सांगते, पण तिच्या नाकातोंडात पाणी होते, तिला काही ऐकू आलेले नाही.

गोविंदराव असे बोलले नाहीत. ते माझे नाव घेत होते. मी काठाकडे वळल्यावर दोनदा ऐकले. मी मागे पाहिले नाही.

हे वहिनींना अजून सांगितलेले नाही. त्यांना हा कागद वाचून दाखवण्याआधी मला एक दिवस द्यावा, मी स्वतः जाऊन सांगेन.

हा जबाब गुर्जर गुरुजींनी मला सुरुवातीपासून मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणेच उतरला आहे. त्यातले काही खोडायचे नाही.

सही
वि. श्री. आंबेगावकर