देवाचा डावा, आपला उजवा

ऐका मंडळी! साधा प्रश्न आहे. देवाला विचारायला जाताना उत्तर घरूनच बांधून नेणारे इथं किती? — हात वर करू नका, टाळ पडतील!

त्या काळी आमच्या कोकणात कुणाच्या पडवीत रेडिओ लागला, की वाटेवरचा गाडीवान थांबायचा. बैलही थांबायचे! त्या दिवसांत बाळकोबा मयेकरांच्या मनात एक जुनी निळी मोटार भरली. वडिलांनी लावलेली आंब्याची बाग विकायची, नि उतारू वाहायचे!

सल्ला सगळ्यांचा घेतला हो! शेजारी म्हणाला, "घाट चढायची नाही." — जळतो मेला! मेहुणा म्हणाला, "इंजिन थकलंय." — त्याला काय कळतंय? मोटार विकणारा म्हणाला, "सोनं आहे!" — हा खरा जाणकार!

पत्नी द्वारकाबाई म्हणाल्या, "अहो, देवाला तरी कौल लावा."

लावला. धोंडू गुरवानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि — टप्! डावी!

"पाकळी जड होती. पुन्हा लाव."

टप्! डावीच!

बाळकोबांनी डोकं खाजवलं. एकदम चेहरा उजळला. "अरे धोंडू, देव आपल्याकडे तोंड करून उभा! त्याचा डावा तो आपला उजवा!"

"काका, कौलात उजवा देवाचा धरतात."

"प्रश्न माझा आहे ना? मग उजवाही माझाच!"

बाग गेली. मोटार आली, हार घालून घाटाला लागली, नि पहिल्याच वळणावर उसासा टाकून बसली. पुढं ती अंगणात उभी राहिली. शेवटपर्यंत टिकलेले उतारू म्हणजे द्वारकाबाईंच्या कोंबड्या!

फाल्गुनात कुंपणापलीकडून मोहोराचा वास आला. याच वासात वडील लहानग्या बाळकोबांना खांद्यावर घेऊन बागेत हिंडायचे. मोटारीच्या पायरीवर बसलेले बाळकोबा म्हणाले, "अगो, देवानं फसवलं."

द्वारकाबाई ड्रायव्हरच्या जागेवरून अंडं उचलत म्हणाल्या, "आपल्या लग्नाला उजवी पडली होती. तेव्हा उजवा कुणाचा धरलात?"

"देवाचाच की."

"आणि डावी पडली असती तर?"

बाळकोबांनी पायरीवरचं कोंबडीचं पीस उचललं. मग हळूच म्हणाले, "तुला जत्रेत आधीच बघितलं होतं गो. देवाला तेव्हाच फिरवला असता!"

मंडळी, बायकोपुरतं ठीक! पण मोटारीपायी? — हसताय? शेजाऱ्याकडे बघून? हे आख्यान शेजाऱ्यासाठीच आहे, असं ज्याला वाटलं, त्याची पाकळी आत्ता डावी पडली बरं!

डावी कुणाची? — ते देवाला विचारा. पण एकदाच!