सबातिनोची दाढ आणि हुकमाची तिर्री

नेपल्समधल्या दातांच्या दवाखान्यात रोझारियाबाई नंबर लावून बसल्या होत्या. शेजारी दोन म्हातारे. एकाचा गाल भोपळ्याएवढा सुजलेला, दुसरा त्याच्यावर उखडलेला.

"काल पत्ते खेळताना तू माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलंस की नाही, सबातिनो?"

"दाढ ठणकली रे!"

"आजोबांच्या काळापासून जोडीदारानं तोंड वाकडं केलं, की त्याच्या हातात एक्क्याखालोखाल मोठी, हुकमाची तिर्री असते. दाढ नसते!"

"मग मी कळवळायचंही नाही, आन्येल्लो?"

"डाव संपल्यावर कळवळ ना! तुझ्या भरवशावर मी एक्का टाकला, तो त्या न्हाव्यानं हुकमाच्या दुर्रीनं मारला. बक्षिसाचा अख्खा चीजचा गोळा घरी नेला मेल्यानं!"

"ही खाणाखुणांची थेरं काढली तरी कुणी?"

"स्पॅनिश लोकांनी, म्हणे."

"त्यांना दाढा नव्हत्या वाटतं!"

दार उघडून डॉक्टरीणबाई डोकावल्या.

"चला, सबातिनो, दाढ काढू. इंजेक्शननं संध्याकाळपर्यंत तोंड थोडं वाकडं राहील हं."

आन्येल्लो ताडकन उठला.

"थोडं नको, डॉक्टरीणबाई, चांगलं वाकडं करा! सहा वाजता त्याच न्हाव्याशी डाव आहे. खूण त्यालाही ठाऊक आहे. दर डावाला ह्याच्याकडे तिर्री दिसली, की एक्का काढायची छाती होते का बघू त्याची!"