बंडी वरून कशी दिसते

माई, प्राचार्य साहेब, गावोगावहून आलेली वडीलधारी मंडळी, आणि माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांनो,

बोलायला उभा राहिलो आहे, पण टेबलाची कड धरून. तुम्हाला तिथून दिसत असेल. दिसू द्या.

गुरुवारी माईंचे यजमान, आपले वासुदेवराव सर शिकवता शिकवता वर्गातच कोसळले आणि गेले. ज्या पोरांनी त्यांना उचललं, ती इथे समोर बसली आहेत. त्यांपैकी बऱ्याच जणांनी घरी परतायला ट्रंका भरल्या आहेत, हे मला ठाऊक आहे.

पोरांनो, सर होते म्हणून तुम्ही या तंत्रनिकेतनात टिकलात. कोणी झरी जामणीच्या जंगलातून आलं, कोणी तांड्यावरून. ड्रॉइंगचं इंग्रजी पुस्तक पाहिलं की तुम्हाला घाम फुटायचा. सरांनी महिनाभर ते पुस्तक उघडूच दिलं नाही! म्हणाले, "बंडीचं चित्र काढा. घरी रोज पाहता तीच बैलांची बंडी."

आठवतं ना? आपल्या किसननं वरून दिसणारी बंडी काढली आणि चाकं काढली गोल. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खरीखुरी बंडी आवारात आणवली आणि सगळ्यांना वर्कशॉपच्या गच्चीवर चढवलं. "आता घारीवानी पाहा. चाक गोल दिसते काय?"

किसन म्हणाला, "नाही जी. फळीवानी दिसते."

"मंग तसंच काढ. अन् आता खाली उतरून बाजूनं पाहा."

दोन्ही चित्रं झाली, तेव्हा कुठे सरांनी त्यांची इंग्रजी नावं फळ्यावर लिहिली. ती मग कोणी विसरलं नाही.

संस्थेच्या एका सभासदांनी विचारलं होतं, "हे तंत्रनिकेतन आहे की बैलबाजार?" सर शांतपणे म्हणाले, "साहेब, पोरगं भ्यालं की त्याले समोरचं दिसतच नाही. आधी भेव घालवतो, मंग रेघ शिकवतो."

पण सर, मास्तरचं भेव कोण घालवणार? सोमवारपासून तो वर्ग माझ्याकडे आहे. मी घोकून पास झालेला माणूस. भ्यालेला मास्तर पोरांकडे पाठ करतो आणि फळा भरत सुटतो. पोरं मुकाट्यानं उतरवून घेतात. माझंही तसंच होईल, याची मला भीती वाटते. रविवारच्या मोटारीनं निम्मा वर्ग नेरला, बाभुळगावला उतरेल आणि परत येणार नाही, याची तर त्याहून जास्त वाटते.

आत येताना किसनचे वडील भेटले. म्हणाले, "गुरुजी, आमच्या तांड्यातून हा एकच आला जी. सर होते तवा काळजी नव्हती. आता पोराले ठेवू का नेऊ, तुमीच सांगा."  मी त्यांना चहाचं विचारलं.

भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आता सगळ्यांसमोर सांगतो. सरांसारखं मला येत नाही. सोमवारी मी चुकेन. तरी पोराला ठेवा. आणि पोरांनो, ट्रंका रिकाम्या करा. मी फळ्याकडेच तोंड करून राहिलो, तर मागून हाक मारा, "सर, इकडे पाहा." मी वळेन.

आता आपण उभे राहू या. डोळे मिटायची गरज नाही. शेजारच्याचा हात धरावासा वाटला तर धरा. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.

सर, नमस्कार करतो. तुमचा वर्ग मी घेतो. मले लय भेव वाटून राह्यलं जी.