आयरिस मॅलरीचे तीन नवरे

१९९४ सालची गोष्ट. सिंगापुरात क्लेमेंटीच्या बसस्टॉपवर अवनीच्या मागे एक पन्नाशीचं जोडपं येऊन उभं राहिलं. बाईंच्या हातात पेपर होता. मराठी कानावर पडताच अवनीने कान टवकारले.

“आयरिस मॅलरी गेली. हॉलिवूडची एवढी मोठी नटी, आणि बातमीत काय, तर तिचे तीन नवरे.”

“मग झाले होते ना तीन?”

“अहो, चाळीस सिनेमे केले तिने. त्यांना मिळून एक ओळ. नवऱ्यांचे मात्र फोटो.”

“लग्नानंतर तिने काम सोडलंच होतं.”

“सोडलं नाही. बाळंतपणानंतर स्टुडिओने पुन्हा बोलावलंच नाही. आणि पेपरवाला लिहितो, ‘संसारात रमली’.”

“तू कशाला एवढी चिडतेस? तुझी कोण लागते ती?”

“परवा तुमच्या साहेबांनी विचारलं, मिसेस काय करतात. तुम्ही काय सांगितलंत?”

“घरी असते म्हणालो. खोटं आहे का?”

“पुण्यात वीस वर्षं नाटकांत कामं केली मी. तुमच्या नोकरीसाठी इथे आले.”

“त्यांना काय कळणार त्यातलं?”

“आज जेवायला त्यांच्याकडेच जातोय ना? कोणी विचारलं तर तुम्ही गप्प बसायचं. मी सांगेन.”

बस आली. अवनी बाजूला झाली आणि तिने बाईंना आधी चढू दिलं.