मधल्या चिपचा नंबर

...नाही हो ताई, भिंग लावून उपयोग नाही, नंबर आता दिसायचा नाही. पॉलिश पेपरने घासलाय तो. बसा, बसा. हे सर्किट मुद्दाम खरखर तयार करतं — रिसीव्हर तपासायला, बरोबर? या डायोडमधून खरखर निघते, अगदी बारीक, मग या तीन चिपा एकीमागे एक तिला मोठी करतात. मधली गेलीय. ती आता कुठे बनतही नाही. तेवढाच सिग्नल वाढवणारी दुसरी लावली की झालं? नाही झालं. किती फ्रिक्वेन्सीपर्यंत टिकते, पाय जुळतात का, करंट किती घेते... ही घ्या, ही चालेल. फक्त हिला करंट निम्माच लागतो, हा रेझिस्टर तसाच ठेवलात तर हिचीही राख.

मूळ नंबर माहीत नसताना पर्याय कसा काढला म्हणता? — तो दिवा जरा इकडे करा — माहीत आहे मला. मीच घासलाय. मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून बनवायचो हे. सर्किट त्याचं, चिपा निवडायचं काम माझं. आणि हा येईल त्याला सगळं उघडून दाखवायचा. म्हटलं, उद्या लोक हेच बनवून आपल्याच नाकावर टिच्चून विकतील. त्याला न सांगता नंबर घासले. भांडण झालं, मी वेगळा झालो. मग एकदा त्याचा फोन — माल परत आलाय दादा, मधल्या चिपचा नंबर तेवढा सांग. मी म्हटलं, आठवत नाही. आठवत होता. जिभेवर होता. दोन महिन्यांत त्याचं वर्कशॉप बंद पडलं. नऊ वर्षं झाली... हे तुम्हाला कशाला सांगतोय मी?

बरं, माझ्याकडे कुणी पाठवलं तुम्हाला? — तो? स्वतः? काय म्हणाला? — "दादाला विचारा, त्याला आठवेल." असं म्हणाला? हसून की... नाही, राहू द्या, नका सांगू.

आणि आहे कुठे तो? — खाली? गाडीत?

बोर्ड इथेच ठेवा. रेझिस्टर मी बदलतो. त्याला म्हणावं, न्यायला वर ये. गुडघे कसे आहेत त्याचे, जिना चढवेल? — नको, तसं काही विचारू नका. तुम्ही निघा ताई. दार उघडंच राहू द्या.