चावी घेतलेली म्हातारी

घोडेगावच्या एसटी थांब्यावर शामकांतनं पोस्टर चिकटवलं. तंबूपुढं बसलेली म्हातारी, हातात चावी. बाकावरच्या दोघीजणी टक लावून बघू लागल्या.

"राहीबाई, कोन गं ही?"

"पॅलेस्टाइनची हाय म्हनं. ह्यो पोरगा मघाशी वाचीत हुता. गावातनं हाकलली तिला."

"हिचंबी गाव धरनात गेलं?"

"न्हाई, गाव हाय तितंच."

"मग निस्ती चावी कशापायी आनली? आपुन तर दाराची चौकट उपटून आनली."

"आपलं घर पान्यात बुडनार हुतं, बनुबाई. हिला वाटलं आसंल, चार दिसांनी माघारी जाऊ."

"म्हंजी घर हुबं हाय?"

"आसंल की."

"मग तितं दिवा कोन लावतं आता?"

राहीबाईनं शामकांतकडं बघितलं. तो डब्यातली खळ ढवळत राहिला.