डाव्या हाताची माळ

— नाही नाही ताई, आवाज चढवायचं काही कारणच नाही, आधी बसा तुम्ही, ती पंख्याखालची खुर्ची घ्या. पैसे परत करणार नाही असं मी म्हटलंच नाही. मी म्हटलं, ही माळ माझ्या दुकानातली नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिशवीवर ‘सखुबाईचा पांढरा कांदा’ छापलंय, बरोबर. माझ्या पाटीवरही तेच आहे, तेही बरोबर. सखुबाई म्हणजे आमची आई. मी हिरामण, थोरला, आणि विनेश धाकटा — आता आईचं नाव काय एकट्या थोरल्याच्या मालकीचं असतं? नसतं. म्हणून तो तिकडे मांडव्याच्या जेट्टीजवळ त्याच नावाची टपरी टाकून बसलाय, आणि तुम्ही मागच्या खेपेला बोटीत चढता चढता त्याच्याकडनं माळ उचललीत. उचललीत ना? हां. घरी नेलीत, कांदा चिरलात, डोळ्यांतनं धारा, तोंडात जाळ. अलिबागचा पांढरा कांदा आणि तिखट! अहो, आमचा कांदा पोरं नुसता खातात, पेरूसारखा. — नूतन, दोन चहा टाक गं, ताई मुंबईहून आल्यात! — आमची मिसेस. आत असते, माळा बांधत. ती सळसळ ऐकू येतेय ना, ती सुकी पात. दिवसभर चालू असते. मला तर इतकी सवय झालीय की पंख्याचा आवाज येतो पण तिचा येत नाही.

पण परत आलात, हे बरं केलंत. खरं सांगतो, बरं वाटलं. नाहीतर बोटीचं गिऱ्हाईक परत येत नाही, रागावलं तर घरी बसून रागावतं. आणि माझा पहिला नियम ठाऊक आहे का? तक्रार घेऊन आलेल्याला आधी खुर्ची, माल घ्यायला आलेला उभा राहिला तरी चालेल. मी काही शिकलेला माणूस नाही, नववीतनं बाहेर पडलो, पण धंदा कसा करावा यावर आमच्या इथल्या बचत गटाच्या बायकांनी माझं भाषण ठेवलं होतं मागे, शाल दिली, नारळ दिला. काय बोललो असेन? हेच. खराब कांदा माळेत वर ठेवायचा, खाली लपवायचा नाही — म्हणजे गिऱ्हाईक आधी वाईट बघतं, मग घेतं, मग भांडायला जागा उरत नाही. सलग सुट्ट्या आल्या, बंगलेवाले आले, म्हणून भाव वाढवायचा नाही. शेजारच्या दुकानाचा माल वाईट आहे असं मरेस्तोवर म्हणायचं नाही. विनेशचं आत्ता म्हटलं ते सोडा, तो शेजारी नाही, भाऊ आहे. आणि आपला माल संपला की संपला. पावसाळ्यात मला कुणी विचारलं, पांढरा कांदा आहे का, तर मी सांगतो वाल घ्या, आमसुलं घ्या, कांदा आता फेब्रुवारीनंतर. एका बंगलेवाल्याच्या मुलीचं लग्न होतं श्रावणात. गाडी घेऊन आला, म्हणाला मंडपाला सजावट म्हणून माळा लटकवायच्यात, कुठलाही पांढरा कांदा चालेल, कोण चावून बघतंय? मी म्हटलं साहेब, मग थर्माकोलचे लटकवा. गेला तणतणत. पुढच्या मार्चमध्ये तोच आला आणि म्हणाला, शेट, तुमच्याकडनंच घेणार. आता सांगा!

ह्यातलं माझं स्वतःचं काही नाही हो, सगळं आईचं. ती शेतातला कांदा डोक्यावर घेऊन पोयनाडच्या बाजारात बसायची. मी लहान असताना एकदा माळेत दोन सडके कांदे आत दडपले, तिनं बघितलं. मारलं नाही. म्हणाली, ‘जो कांदा आपल्याला खायला न्हाय आवडत, तो दुसऱ्याच्या गळ्यात कशाला बांधतंस रं?’ बस, तेवढंच. आणि ती डावखुरी होती. आमच्या आजोबांना ते खपायचं नाही, म्हणायचे, डाव्या हातानं लक्ष्मी येत नाही. पण तिची माळ बाजारात लांबून ओळखू यायची. सगळ्यांचा पीळ उजवीकडे पडतो, हिचा डावीकडे, आणि असा घट्ट की माळ वर्षभर भिंतीला लटकली तरी कांदा गळायचा नाही. व्यापारी येऊन म्हणायचे, ‘डाव्या हाताची माळ द्या.’ तोच आमचा ब्रँड, पाटी वगैरे नंतर आली. नूतन लग्न होऊन आली ती आईशेजारी मांडीला मांडी लावून बसली आणि तशीच बांधायला शिकली. स्वतः उजव्या हाताची आहे, पण पीळ डावा! आई गेल्यापासून अख्ख्या पंचक्रोशीत असा पीळ घालणारी ही एकटी. त्या हुकांवर बघा, डावीकडची रांग हिची. उजवीकडची रंगूची, कामाला येते ती आमच्याकडे, माळेमागे मजुरी घेते. तिचाही हात चांगला आहे. पण गिऱ्हाईक डावीकडचीच मागतं.

हिला? हिला कसली मजुरी! अहो, घरची आहे. एकदा म्हणाली होती बरं का, ‘रंगूला माळेमागे देता, मग मला?’ मी इतका हसलो, सगळ्या बाजाराला सांगितलं — बायको मजुरी मागतेय म्हटलं, उद्या जेवायला वाढायचं बिल देईल. तीही हसली. परत काही बोलली नाही. बोलत नाहीच ती, सोन्यासारखी बाई. तसा माझा नियमच आहे, आणि भाषणात मी तो ठासून सांगितला, बायकांनी टाळ्या वाजवल्या: गल्ल्यातला पैसा घरात न्यायचा नाही आणि घरातला गल्ल्यात आणायचा नाही. यालाच समतोल म्हणतात. पोरीनं, प्राप्तीनं, नर्सिंगला जायला स्कूटी मागितली, मी म्हटलं एसटी आहे. रडली. मी हललो नाही. मग काय झालं ठाऊक आहे? हिनं भिशीतनं साठवून स्कूटी आणली, माझा एक रुपया न घेता! याला म्हणतात संसार. मी सगळ्यांना उदाहरण देतो हिचं. दुकानात माणसं किती, तर मी एकटा. पण बाजाराच्या दिवशी हिच्यावर टाकून निर्धास्त जातो. नोकर ठेवला तर ती झोप लागेल का?

— चहा येईल हो, ती हातातली माळ पुरी केल्याशिवाय उठत नाही.

विनेशचं काय विचारता. पाठीवर खेळवला मी त्याला. बाप लवकर गेला, मीच बाप झालो. दुकानात बरोबरीनं बसवला, पाटी रंगवली तेव्हा ब्रश त्याच्या हातात दिला. आणि यानं काय करावं? मे महिना सरत आलेला, आपला कांदा संपत आलेला, आणि मागच्या पडवीत मला पोती दिसली. बाहेरचा पांढरा कांदा, कुठल्या कुठल्या गाड्यांतनं आलेला. म्हटलं, हे काय? म्हणतो, ‘दादा, बोटीचं गिऱ्हाईक परत येतंय कुठं?’ आईच्या फोटोखाली उभा राहून! मी पोतं रस्त्यावर ओतलं. गिऱ्हाईकं उभी होती, त्यांच्यासमोर म्हटलं, आजपासून तू माझा कोणी नाहीस. ताई, सख्खा भाऊ हो. बाहेरच्यानं फसवलं तर माणूस चिडतो, घरातल्यानं फसवलं तर... काय होतं ते मला अजून शब्दांत सांगता येत नाही. जेवण जात नव्हतं मला. आणि जाताना म्हणतो काय, ‘तुझ्या तत्त्वांचा खर्च कोण करतं, ते एकदा बघ दादा.’ काय अर्थ आहे का याला? मी खर्च करतो, दुसरं कोण? नुकसान माझं, माल माझा. हिनं त्या दिवशी त्याला डबा भरून दिला होता, मी म्हटलं कशाला, तर म्हणाली, उपाशी जाऊ नये कोणी. इतका भोळा स्वभाव.

बरं, द्या इकडे ती. पिशवीतनं काढा, बघू तरी भावाची कारागिरी. अरे बापरे, हा कांदा! मानेला हात लावून बघा, जाड, दगड नुसता. आणि ही गंमत बघा, ही तुम्हाला कोणी सांगणार नाही: आमचा कांदा उपटला की पातीसकट वाळवतात, आणि त्याच्याच पातीची वेणी घालतात. बाहेरचा पोत्यात येतो, मान कापलेला. मग त्याला पात कुठनं आणणार? हे बघा. पेंढा! भाताचा पेंढा गुंडाळलाय प्रत्येकाच्या मानेला आणि त्याची वेणी घातलीय. सोपं काम नाही हां हे, खोटं असलं तरी हात लागतो त्याला. विनेशचं काम नव्हे. त्याला पायजम्याची नाडी बांधता येत नव्हती, मी बांधायचो. कोणी बाई धरली असणार त्यानं. पण बाई तयारीची आहे, मानलं पाहिजे, पेंढा असून कुठे सुटलेला नाही, पीळ बघा कसा घट्ट घातलाय, सगळा डावी—

...

नाही. काही नाही. चष्मा. चष्मा कुठे ठेवला मी — कपाळावरच आहे की. जरा सरका ताई, उजेड येऊ द्या.

जुनी असेल. आईच्या हातची एखादी जुनी माळ नेली असेल त्यानं घरातनं, तो काय, काहीही — पण आई पेंढा कशाला लावेल? आणि पेंढा नवा आहे. यंदाच्या भाताचा, अजून वास येतोय. आमच्या मागच्या अंगणात रचलाय तसलाच. तसलाच म्हणजे, पेंढा सगळीकडे सारखाच असतो, त्याला काय नाव असतं? रंगू असेल. रंगूच असणार, पैशाला हपापलेली आहे ती. पण रंगूचा पीळ उजवा. रंगूनं शिकून घेतलं असेल. हिच्याकडनं शिकली असेल. वर्षं झाली, मी म्हणतोय रंगूला शिकव, ही म्हणते तिला जमत नाही. थांबा, एक मिनिट, ती हुकावरची काढतो. डावीकडची. धरा हो एक टोक. दोन्ही शेजारी... शेवटचा वेढा बघा. दोनदा फिरवून आत खोचलाय. हिच्यात आणि — हिच्यातही.

बाजाराच्या दिवशी. मी जातो तेव्हा विनेशचा टेम्पो इथे... नाही, मला कसं ठाऊक असणार, मी पोयनाडला असतो. मी निर्धास्त असतो.

ती भिशी कोणाकडे आहे, हे मी कधी विचारलं नाही बघा. विचारायला पाहिजे होतं का? बायकांच्या गोष्टी.

स्कूटी लाल आहे. प्राप्तीनं पहिल्यांदा मला बसवून नेलं होतं, समुद्रापर्यंत. मी मागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो, हिच्या आईनं घेतली, हिच्या आईनं घेतली.

काय म्हणालात? नाही, बरा आहे मी. तुम्ही मघाशी आलात आणि मोठ्यानं बोललात ना, ‘मांडव्याला घेतलेली माळ’ — ते आत ऐकू गेलं असेल, नाही? भिंत कसली, पडदा आहे नुसता. ऐकू गेलं असणार. मग मी एवढं सगळं बोलत होतो तेव्हा... मी काय काय बोललो हो?

सळसळ थांबलीय. कधी थांबली? तुमच्या लक्षात आलं होतं का? माझ्या नाही आलं.

ही घ्या, ही हुकावरची घेऊन जा. खरा कांदा आहे, पातीचा, चावून बघा, साखर. ती मात्र इथेच राहू द्या. पैसे नकोत. नको म्हटलं ना ताई, नियम आहे माझा. उठा आता, बोट चुकेल तुमची.

चहा? नाही, चहा आता नाही होणार.

त्यांना सांगून जाते म्हणता? कोणाला? आत कोणी नाही. या तुम्ही.